फसवा फोन आला तर: ट्रूकॉलर, चक्षू, १९०९ की १९३०?

फसव्या फोनपासून वाचवणाऱ्या सेवा आता इतक्या झाल्या आहेत की कुठली कशासाठी हेच कळेनासं झालंय. ट्रूकॉलर आहे, एअरटेलचा स्पॅमचा इशारा आहे, दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ आणि त्यातलं ‘चक्षू’ आहे, ट्राय या दूरसंचार नियामकाचं १९०९ आहे आणि गृह मंत्रालयाची १९३० ही हेल्पलाइन आहे. बहुतेकांच्या फोनमध्ये यातलं पहिलं असतं आणि शेवटचं नसतं. खरं तर उलटं असायला हवं. का, ते एकेक सेवा तपासताना कळेल.

आधी या सेवांना तोंड कशाला द्यायचं आहे ते बघू. महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचा नमुना म्हणजे वीजबिलाचा. मोबाइलवर संदेश येतो: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. साडेनऊची वेळ उगाच दिलेली नसते. तोवर कार्यालय बंद झालेलं असतं आणि खात्री करायला कुठे जाता येत नाही. नंबर फिरवला की पलीकडचा माणूस थकबाकी मागतच नाही. ‘बिल भरलंय तुमचं, फक्त सिस्टिमला दिसत नाहीये, दहा रुपये भरून अपडेट करून घ्या,’ म्हणतो. दहा रुपयांसाठी कोण हुज्जत घालणार? पण ते दहा रुपये भरायला तो एक ॲप घ्यायला लावतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट, रस्टडेस्क यांपैकी एखादं. नाहीतर व्हॉट्सॲपवर सरळ एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, पाठवतो.

पहिल्या प्रकारात तुमची स्क्रीन त्याला दिसते. दहा रुपये भरताना तुम्ही कार्डाचा नंबर टाकता, ओटीपी येतो, तो सगळं बसल्या जागी वाचतो. दुसऱ्या प्रकारात ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही. ‘मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही’ असं म्हणणाऱ्यांचेही पैसे जातात ते असे, आणि ती माणसं खोटं बोलत नसतात.

खरी महावितरण अशी वागत नाही. तिचे संदेश एमएसईडीसीएल या नावाने येतात, मोबाइल नंबरवरून नाही. ग्राहक सेवेचे नंबर १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. आणि थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री तोडतो’ हे वाक्यच कायद्यात बसत नाही. एवढी एक ओळ घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असली तरी निम्मं काम होतं.

बाकी महानगर गॅसचं बिल, बँकेची केवायसी, फास्टॅग, क्रेडिट कार्डाचे पॉइंट, फेडेक्सच्या पार्सलमध्ये सापडलेले अमली पदार्थ आणि तिथून पुढे ‘डिजिटल अटक’ (पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणं): कंपनीचं नाव बदलतं, साचा तोच. घाई, भीती किंवा छोटीशी रक्कम, आणि फोन चालू ठेवून तुमच्याकडून काहीतरी करून घेणं. शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या सेवा फोन उचलण्याच्या आधीच्या किंवा ठेवल्यानंतरच्या आहेत. मधल्या वेळात तुम्ही एकटेच असता.

ट्रूकॉलर: ऐकीव माहिती, ती किती मानायची ते बघा

२००९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या या ॲपचं काम लोकांनी दिलेल्या माहितीवर चालतं. एखादा नंबर लोकांनी कुठल्या नावाने ओळखला, किती जणांनी त्याला स्पॅम म्हटलं, यावरून ते नाव आणि लाल रंग दाखवतं. कर्जवाले, प्लॉटवाले, विमावाले यांच्यासाठी ते उत्तम. तेच नंबर रोज शेकडो लोकांना फोन करत असतात, त्यामुळे ते लवकर लाल होतात. दिवसाचे चार-पाच फोन नुसते बघून सोडून देता येतात, हा फायदा खराच आहे.

फसवणुकीत मात्र ते नेमकं उलट्या बाजूने अंगावर येऊ शकतं. नवं सिम घेऊन ट्रूकॉलरवर खातं उघडणारा माणूस स्वतःचं नाव स्वतःच लिहितो. तिथे त्याने ‘कस्टमर केअर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिस’ लिहिलं, चित्र म्हणून कंपनीचा लोगो लावला, तर पहिल्या काही तक्रारी येईपर्यंत तुम्हाला तेच दिसणार. ज्याला नाव बघून विश्वास ठेवायची सवय लागली आहे तो इथे अलगद सापडतो. पडताळणी झालेल्या व्यवसायांना वेगळी हिरवी खूण मिळते. ती नसेल तर कंपनीच्या नावाला काडीची किंमत देऊ नका. लाल रंग दिसला तर फोन उचलू नका, पण लाल नाही म्हणून बिनधास्तही राहू नका. दुसरी बाजूही आहे: सामान आणणारा पोरगा दिवसाला शंभर अनोळखी लोकांना फोन करतो, त्यामुळे तोही कधीकधी स्पॅममध्ये जातो आणि मग पार्सल परत जातं.

किंमत पैशांत फारशी नाही. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती असतात, पैसे भरले की त्या जातात. खरी किंमत परवानग्यांची. कॉल, संपर्क, संदेश सगळं मागितलं जातं. नंबर ओळखायला संदेश वाचायची गरज नाही. ती परवानगी नाकारून बघा, तुमचं काम भागतं. ज्येष्ठांच्या फोनमध्ये टाकून द्यायला हरकत नाही, पण ‘आता ट्रूकॉलर आहे, काळजी नाही’ असं सांगून नव्हे.

मोबाइल कंपन्यांचे इशारे

एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कमध्येच स्पॅम ओळखायची सोय सुरू केली. वेगळं ॲप नको, पैसे नकोत, परवानग्या नकोत. फोन वाजतानाच संशयित स्पॅम असल्याचं दिसतं. ही पद्धत नंबरच्या वागण्यावरून चालते: किती फोन, किती वेगाने, किती वेळाचे. त्यामुळे स्वतःचं नाव ‘बँक’ ठेवून तिला फसवता येत नाही आणि या एका बाबतीत ती ट्रूकॉलरपेक्षा सरस आहे. पण रोज मोजकेच फोन करणारा आणि एकेका माणसाला तीन तास धरून ठेवणारा भामटा तिच्या चाळणीतून खाली पडतो. व्हॉट्सॲपवरचे कॉल तर तिच्या हद्दीतच येत नाहीत, आणि डिजिटल अटकेचा सगळा तमाशा तिथेच चालतो. त्यासाठी व्हॉट्सॲपमध्येच सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स असं जाऊन अनोळखी कॉलर गप्प करायचं बटण चालू करा. फोन वाजत नाही, यादीत मात्र दिसतो. एवढ्या छोट्या कामाचा एवढा मोठा उपयोग दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव दाखवायची सीएनएपी ही सोयही टप्प्याटप्प्याने येत आहे. भामटे दुसऱ्याच्या कागदपत्रांवरची सिम वापरतात, त्यामुळे खरं नाव कळणार नाही हे उघड आहे. तरी उपयोग आहे: ‘महावितरणचा अधिकारी’ बोलतोय आणि पडद्यावर भलत्याच खासगी व्यक्तीचं नाव, हे बघून माणूस निदान दोन सेकंद थांबतो.

१६००, १४० आणि संदेशातलं शेवटचं अक्षर

ही सेवा म्हणून कुणी मोजत नाही, पण कंपनीच्या नावाने आलेला फोन खरा की खोटा हे ओळखायला सगळ्यात भरवशाची खूण हीच होऊ शकते. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारे नंबर आणि बँका, विमा कंपन्या वगैरेंच्या सेवा व व्यवहारांच्या फोनसाठी १६००ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत. बँकांना त्यावर जायला ट्रायने १ जानेवारी २०२६ ही मुदत दिली होती. म्हणजे ‘तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झालाय’ असं सांगणारा फोन ९ किंवा ८ने सुरू होणाऱ्या साध्या मोबाइल नंबरवरून आला, तर तिथेच शंका घ्यायला हवी.

त्रुटी अशी की शाखेतले लोक, वसुलीवाले, कर्ज विकणारे मध्यस्थ अजूनही आपापल्या मोबाइलवरून फोन करताना दिसतात. बँकांनीच शिस्त पाळली नाही तर ग्राहकाने खूण कशी पाळायची? त्यामुळे सध्या हा नियम एकाच दिशेने वापरा: साध्या नंबरवरून बोलणाऱ्याला कुठलीही माहिती द्यायची नाही, तो खरा असला तरी. खरा असेल तर ‘मी शाखेत फोन करतो’ म्हटल्यावर त्याला राग येत नाही.

एसएमएसमध्ये ही शिस्त बरीच बरी आहे. पाठवणाऱ्याच्या नावात सुरुवातीला दोन अक्षरं असतात, एक मोबाइल कंपनीचं आणि एक प्रदेशाचं. मग संस्थेचं नाव, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. ‘केवायसी संपली’ हा संदेश दहा आकडी नंबरवरून आला तर पुढे वाचायचंच नाही. लिंक असेल तर शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. बँकेचं नाव पुढे आणि शेवटी भलतंच काही, असा पत्ता म्हणजे सापळा.

संचार साथी आणि चक्षू

दूरसंचार विभागाचं संचार साथी हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये आलं, त्यात चक्षू मार्च २०२४ मध्ये, आणि ॲप जानेवारी २०२५ मध्ये. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकायचा आदेश निघाला, त्यावर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. त्या वादात सेवेची चांगली बाजू झाकली गेली.

चक्षू म्हणजे फसवणुकीचा प्रयत्न कळवायची खिडकी. पैसे गेलेले नाहीत, पण फोन किंवा संदेश फसवा होता, तर इथे यायचं. गेल्या ३० दिवसांतलाच प्रकार कळवता येतो. आधी माध्यम निवडायचं: कॉल, एसएमएस की व्हॉट्सॲप. मग प्रकार: बँक, वीज, गॅस, विमा यांच्या केवायसीच्या नावाने, सरकारी अधिकारी किंवा नातेवाईक असल्याचं भासवून, बनावट कस्टमर केअर, नोकरी-लॉटरी-कर्ज वगैरे. मग समोरचा नंबर, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट, दोन ओळींचं वर्णन, शेवटी तुमचं नाव, मोबाइल आणि ओटीपी. तारीख आणि वेळ अंदाजाने टाकू नका, कॉलच्या यादीतून बघून टाका. वर्णनात ‘फ्रॉड कॉल आला’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘महावितरणचा अधिकारी असल्याचं सांगून एपीके पाठवली’ असं लिहा.

पुढे काय होतं? त्या नंबरच्या ग्राहकाला पुन्हा ओळख पटवायला सांगितलं जातं, पटली नाही तर जोडणी बंद. तुमच्या एका तक्रारीने कुणी पकडला जाईल अशी आशा धरू नका. चक्षूकडे पैसे परत मिळवायचा काहीही मार्ग नाही, हे तिथे लिहिलेलं असूनही लोक पैसे गेल्यावर आधी इथे फॉर्म भरत बसतात आणि मोलाची अर्धी घटका घालवतात.

याच संकेतस्थळावर दोन गोष्टी चक्षूपेक्षाही कामाच्या आहेत. पहिली, आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते बघणं. मोबाइल नंबर, ओटीपी टाकला की यादी येते आणि प्रत्येक नंबरपुढे ‘माझा नंबर नाही’, ‘गरज नाही’, ‘गरज आहे’ असे पर्याय. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ जोडण्या चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६). आधार कार्डाची झेरॉक्स जिथे तिथे देऊन ठेवलेल्यांनी ही यादी दर दोन-तीन महिन्यांनी बघावी. तुमच्या नावाच्या सिमवरून कुणाला तरी लुबाडलं गेलं तर पोलीस आधी तुमच्याकडेच येतील. दुसरी गोष्ट, भारतीय नंबर दाखवून परदेशातून आलेला कॉल कळवायची सोय.

ॲप की संकेतस्थळ? अँड्रॉइडवर ॲप कॉल, एसएमएस, कॅमेरा, फाइल्स अशा परवानग्या मागतं. कॉलच्या यादीतूनच थेट तक्रार करता येते ही सोय आहे खरी, पण महिन्यातून एखादी तक्रार करणाऱ्याला संकेतस्थळ पुरतं. पत्ता संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन; शोधून जाऊ नका, पत्ता टाकून जा.

१९०९: वेगळं दुखणं, वेगळं औषध

डीएनडीसाठी, म्हणजे जाहिरातीचे फोन-संदेश नकोत अशी नोंद करण्यासाठी, १९०९ वर फोन किंवा एसएमएस करायचा, नाहीतर ट्रायचं डीएनडी ॲप वापरायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक झाले: तक्रार ३ ऐवजी ७ दिवसांपर्यंत करता येते, आणि १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की त्या नंबरवर कारवाई होते. प्लॉट आणि कर्ज विकणाऱ्यांसाठी आता ही सेवा खरोखर उपयोगाची झाली आहे. भामट्यांसाठी नाही, ते डीएनडीची यादी बघून फोन करत नाहीत. उलट ‘डीएनडी चालू करून देतो, ओटीपी सांगा’ असाही फोन येतो.

१९३०: जिच्यासाठी हा सगळा खटाटोप

पैसे गेले तर हीच एक सेवा काही करू शकते. २०२१ मध्ये १५५२६० या नंबरने सुरू झालेली ही हेल्पलाइन आता १९३० आहे. तुमचा फोन राज्याच्या पोलिसांच्या केंद्रात लागतो आणि तिथून तक्रार थेट संबंधित बँकेच्या टेबलावर जाते. बँक बघते की पैसे खात्यात आहेत का. असतील तर रोखून धरते, पुढे गेले असतील तर कुठल्या बँकेत गेले ते नोंदवते आणि मग त्या बँकेची पाळी. भामटे पैसे भाड्याच्या खात्यांमध्ये टाकतात, तिथून फोडून आणखी दहा खात्यांमध्ये, शेवटी एटीएम किंवा क्रिप्टो. म्हणजे ही शर्यत आहे. तुम्ही घरच्यांना सांगायला कचरलात, उद्या बघू म्हणालात, की ती हरलात.

फोन करताना हाताशी हे ठेवा: कुठल्या बँकेतून वा वॉलेटमधून गेले, खातं किंवा कार्ड क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयच्या व्यवहारात तो १२ आकडी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. लोक अडतात ते इथेच. बँकेच्या एसएमएसमध्येही तो असतो, म्हणून घाबरून संदेश पुसून टाकू नका. रक्कम तीन वेळा गेली असेल तर तिन्ही क्रमांक द्यायचे; एकच दिला तर मागोवा एकाच व्यवहाराचा घेतला जातो.

फोननंतर एसएमएसवर नोंद क्रमांक येतो. त्याने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन २४ तासांत पूर्ण तक्रार भरायची असते: स्क्रीनशॉट, समोरचे नंबर, बँकेचं विवरण. ही दुसरी पायरी अनेक जण गाळतात आणि मग ‘१९३०ला कळवलं होतं, काहीच झालं नाही’ म्हणतात. हेल्पलाइनची मोठी खोट म्हणजे ती व्यग्र लागते. दोनदा नाही लागली तर तिसऱ्यांदा वाट बघू नका, संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीच्या विभागात सरळ तक्रार भरायला घ्या आणि घरातल्या दुसऱ्याला नंबर फिरवत राहू द्या.

बँकेला कळवणं वेगळं आणि तेही लगेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. ओटीपी किंवा पिन दिल्यामुळे पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्या ‘कळवल्यानंतर’साठी पुरावा लागतो, म्हणून नुसतं शाखेत तोंडी सांगून येऊ नका, तक्रारीचा क्रमांक घ्या, ईमेल करा. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं, तेव्हा ‘हा नियम आम्हाला नाही’ असं सहकारी बँकेतल्या टेबलावरून कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी नंबर १४४४८.

यश किती? जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे या यंत्रणेने सुरुवातीपासून १७.८२ लाखांहून जास्त तक्रारींमध्ये ५,४८९ कोटी रुपये वाचवले. एकट्या २०२४ मध्ये लोकांनी गमावलेली रक्कम २२,८४५ कोटी. आकडे शेजारी ठेवले की सेवेची मर्यादा दिसते. शिवाय ‘वाचवले’ म्हणजे रोखून धरले. ते तुमच्या खात्यात परत यायला पोलीस ठाणं आणि न्यायालयाचा आदेश असा फेरा पडू शकतो. तरीही दुसरा पर्याय नाही, आणि लवकर फोन करणाऱ्याला काहीतरी मिळायची शक्यता उरते.

सायबरक्राइमच्या त्याच संकेतस्थळावर संशयित शोधायची सोय आहे. समोरच्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी किंवा खातं क्रमांक टाकला की त्यावर आधी तक्रार आहे का ते कळतं. पैसे पाठवायच्या आधी अर्धं मिनिट. इथेही ट्रूकॉलरचाच न्याय: नोंद सापडली तर थांबा, सापडली नाही म्हणजे माणूस साव असा अर्थ नाही.

फोन चालू असताना

कुठलीही सेवा इथे नाही, म्हणून थोडं हेच. कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका. ‘कस्टमर केअर’ शोधल्यावर वर येणारे नंबर भामट्यांनी पेरलेले असू शकतात. नंबर कार्डाच्या मागून, बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे पाठवताना ॲपमध्ये बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ‘महानगर गॅस’ला पैसे भरताना तिथे कुणा व्यक्तीचं नाव आलं तर मागे फिरा.

‘हा आणखी एक कॉल येईल, तो मर्ज करा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. तो दुसरा कॉल बहुधा ओटीपी वाचून दाखवणारा बँकेचा आपोआप येणारा कॉल असतो आणि मर्ज केला की भामटाही तो ऐकतो. ‘*४०१* लावून हा नंबर डायल करा, नेटवर्क सुधारेल’ हाही तसलाच प्रकार, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. या कोडने कॉल वळवायची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली. तरी खात्री म्हणून फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग बघून घ्या.

एपीके टाकली गेली असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी विमान मोड, म्हणजे ॲपला ओटीपी बाहेर पाठवता येणार नाही. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँक आणि १९३०. मग ॲप काढणं. आयकॉन लपवलेलं असतं, त्यामुळे सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून शोधा. काढता येत नसेल तर ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधली त्याची परवानगी आधी बंद करा, तरी नाही निघालं तर फॅक्टरी रिसेट. नंतर व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं तपासून अनोळखी काढून टाका, आणि पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून.

पैसे गेल्याची तक्रार दिल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा.’ तक्रार क्रमांकही बरोबर सांगतील कदाचित, कारण तुम्ही तो हताश होऊन समाजमाध्यमांवर टाकलेला असतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३० किंवा पोलीस कुठलंही शुल्क घेत नाहीत, टेलिग्रामवर बोलवत नाहीत आणि ओटीपी मागत नाहीत. असा फोन आला तर ज्या ठाण्यात तक्रार आहे तिथे स्वतः जा, आणि हा नवा नंबर त्याच तक्रारीत जोडून घ्या.